खाटल्यावरचा हरी

काशीत दुपारी एक ते चार या वेळात कुणी काम करताना दिसलं, तर शेजारी येऊन घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी करतात. अशाच एका दुपारी दुर्गाघाटावरच्या आमच्या वाड्यात मी ओसरीवर बसून एका जुनाट वहीचं पान उजेडाकडे धरून वाचत होतो. समोर पुण्याहून आलेला भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो सुट्टीवर आला होता, म्हणजे दिवसाला फक्त दहा तास काम करत होता.

"मामा, हे मोडीचं वेड किती वर्षांचं?"

"तीसेक वर्षं झाली असतील."

"आणि त्यातून मिळतं काय?"

"चहा," मी म्हणालो. "थंडीत मलइयो."

भाच्यानं लॅपटॉप मिटला. पुण्याच्या माणसानं लॅपटॉप मिटला की समजावं, आता आपलं भलं होणार.

आमच्या बोळात एका तीर्थोपाध्यायांचं घर आहे. महाराष्ट्रातून कुणी यात्रेला आलं की ते आधी गाव आणि आडनाव विचारतात आणि मग माडीवरून लाल रुमालात बांधलेलं दप्तर खाली येतं. त्यात यात्रेकरूचे पणजोबा केव्हा येऊन गेले, बरोबर कोण होतं, मुलं किती, भाऊ किती, सगळं असतं. जुनी पानं मोडीत. उपाध्यांच्या आजोबांना मोडी लिहिता यायची, वडिलांना वाचता यायची, यांना ती पाहिल्यावर ओळखू येते. म्हणून अडलं की पान घेऊन ते माझ्याकडे येतात.

मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्यावर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं टांगत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हांचं तर नावच नको. एकेका ओळीशी तासभर झटापट चालते. एकदा तर तीन दिवस मी जिला 'म्हैस' समजत होतो ती शेवटी 'मावशी' निघाली. बाई शंभर वर्षांपूर्वीच कैलासवासी झाल्यामुळे प्रकरण वाढलं नाही. 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत 'ध'चा 'मा' झाला ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. मोडी वाचणाऱ्याला ती कधीच खोटी वाटत नाही. त्याला आश्चर्य वाटतं ते एकाच पेशव्यावर कसं भागलं, याचं.

"मामा, याचं पॅसिव्ह इन्कम करा," भाचा म्हणाला. "एकदा कोर्स बनवून इंटरनेटवर टाकायचा. मग तुम्ही झोपलात तरी पैसे येत राहतात."

यालाच आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणत. फरक एवढाच की पूर्वी असं म्हणणाऱ्याला वडिलांची बोलणी खावी लागत, हल्ली तो दोन हजार रुपये फी लावून त्याचंच शिबिर घेतो.

मी त्याला आमच्या गावाचा इतिहास सांगून पाहिला. एकनाथ महाराजांनी भागवत 1573 साली इथंच, काशीत पूर्ण केलं. साडेचारशे वर्षं घरोघर पारायणं चालली आहेत, नाथांच्या खात्यावर दमडी जमा नाही. कमलाकर भट्टांनी 1612 मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. आजही एकादशी आज की उद्या, यावर दोन पंचांगांत जुंपली की त्यांचंच नाव पुढं येतं. सल्ला चारशे वर्षांचा, रॉयल्टी शून्य. त्यांचे पुतणे गागाभट्ट 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला गेले. त्यांना मात्र दक्षिणा भरपूर मिळाली, पण त्यासाठी काशीहून रायगडापर्यंत जातीनं जावं लागलं.

"तेच तर," भाचा म्हणाला. "वेबिनार घेतला असता."

त्यानं लगेच हिशेब मांडला. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. "शंभरात एक सोडा मामा, लाखात एक धरा. 830 विद्यार्थी, कोर्स 499 रुपयांचा. झाले 4 लाख 14 हजार 170." या आकड्यातले शेवटचे 170 मला फार भावले. लाखांच्या गप्पा कुणीही मारतो. 170 म्हणणाऱ्यावर विश्वास बसतो.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. हिला त्या पैशांतून गच्चीला माकडांसाठी जाळी हवी होती आणि मला भिंगाचा चांगला दिवा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आमच्यासारख्यांच्याच घरात बसून कुणीतरी रचली असणार. अर्थात आमच्याकडे मारायचं काम भटीण करते, तेही शब्दांनी.

पहिल्या पाठाचं चित्रीकरण गच्चीवर. मागे गंगा दिसलीच पाहिजे, हा भाच्याचा हट्ट. काशीत ज्या गच्चीवरून गंगा दिसते तिच्यावर माकडांचा आपल्याआधीचा हक्क असतो. मी रेघ ओढायला घेतली आणि एकानं बोरू पळवला. कठड्यावर बसून त्यानं तो चावून पाहिला, विचार केला आणि खाली बोळात टाकून दिला. माझ्या कोर्सचं इतकं प्रामाणिक परीक्षण पुढं कुणीच केलं नाही. सातव्या खेपेला 11 मिनिटांचा पाठ पुरा झाला. आठवड्यानं यूट्यूबचा निरोप आला की पार्श्वभूमीवर 14 सेकंद एक भजन ऐकू येतं, त्याचा हक्क दुसऱ्याचा आहे, सबब या पाठाची कमाई त्या हक्कदाराला जाईल. भजन खालून गेलेल्या नावेच्या भोंग्यावर लागलं होतं. म्हणजे जी कमाई झालीच नव्हती तीसुद्धा आता माझी राहिली नाही. वैराग्यासाठी लोक काशीला येतात ते उगीच नाही.

कोर्स विकायचा तर आधी लोकांना फुकटचे पाठ दाखवावे लागतात, ते यूट्यूबवर. तिथं जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 वर्गणीदार आणि वर्षभरात 4000 तासांचं प्रेक्षण लागतं. वर्गणीदार म्हणायचे, पण वर्गणी कुणी देत नाही. गणेशोत्सवाची पावती फाडणाऱ्या माणसाला हे पचवायला जड जातं. 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. माझा पाठ 21,819 जणांनी अथपासून इतिपर्यंत बघायला हवा. शेवटपर्यंत बघणारं पहिलं माणूस म्हणजे साताऱ्याची माझी धाकटी बहीण.

"दादा, मी रोज रात्री लावून ठेवते रे," तिनं फोनवर सांगितलं. "तुझ्या आवाजानं इतकी छान झोप लागते!"

झोपेचा आणि कमाईचा संबंध असतो हे भाच्याचं म्हणणं खरं ठरलं. फक्त झोप तिची होती आणि कमाई व्हायची होती.

माझी झोप मात्र उडाली. भाच्यानं मोबाइलमध्ये एक आलेख बसवून दिला होता. न्यू जर्सीतला एक चुलतभाऊ तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या पहाटे, पाठ बघायचा. आलेख वर सरकलेला बघायला मी तीनला उठायला लागलो. पूर्वी पहाटे उठून घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो, नुसता. आता पायरीवर बसलो तरी मान खाली, मोबाइलमध्ये. एका सकाळी सूर्य उगवलेला मला मल्लाहानं सांगितला.

मध्यंतरी मगचा उद्योग करून झाला. मोडी 2014 साली युनिकोडमध्ये आली, तेव्हा आडनाव टाइप करून मगवर छापणं भाच्याला सोपं गेलं. तीन मग खपले. एक बहिणीनं घेतला, एक भाच्यानं. तिसरा पुण्यातल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेनं मागवला आणि चौथ्या दिवशी परत पाठवला, कारण 'कुलकर्णी'तली वेलांटी तिला दीर्घ वाटत नव्हती. मोडी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नाही, असं मी नम्रपणे कळवलं. "मग तिनं करायला हवा होता," असं उत्तर आलं. परतीचा खर्च धरून नफा झाला 22 रुपये, सगळा रक्ताच्या नात्यातला.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच आहे. उपाध्ये नेहमीसारखे एक पान घेऊन आले. भाच्यानं मला बजावलं होतं, फुकट काही करायचं नाही, बाजारभाव पडतो. मी चाचरत विचारलं, "गुरुजी, पानामागे काही ठरवून घ्यायचं का?" काशीतला मराठी माणूस दुखावला की बनारसीवर येतो. उपाध्यांनी पान परत रुमालात गुंडाळलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "का गुरू, तबियत ठीक हौ न?" त्यानंतर तीन आठवडे चहा बंद.

भाच्याच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला. जाण्याआधी त्याला आपल्या बापाकडच्या घराण्याचं पान बघायचं होतं. वाटाघाटीला मला दुपारच जरा बरी वाटली. अडीचला आम्ही गेलो तेव्हा उपाध्ये ओसरीवर खाटेवर पालथे पडले होते. हाक मारली. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "गाव?" भाच्यानं सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. खाटेवरून एक हात वर झाला, माडीकडे गेला आणि तीन बोटं दाखवून खाली पडला.

माडीवरचं तिसरं दप्तर मी खाली आणलं, गाठ सोडली, पान सापडलं. शके 1819, म्हणजे 1897. भाच्याचे खापरपणजोबा आई आणि धाकट्या भावाला घेऊन आले होते. चार ओळी. मी बोट ठेवून वाचत गेलो. आईचं नाव 'सगुणा' की 'यमुना' यावर थोडा अडलो, आणि तेवढ्यात तीन आठवड्यांचा माझा सगळा आलेख डोक्यातून निघून गेला. सगुणाच होती. खाली सही होती, थोरल्या माणसाची, जरा थरथरती. भाचा ती सही बघत बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं चष्मा पुसला.

नोंद लिहिली होती उपाध्यांच्या पणजोबांनी. खांबावर पैसे पाठवायचा चौकोनी छाप डकवलेला होता. भाच्यानं मोबाइल त्याच्यासमोर धरला. कोनाड्यातलं डबडं खड्या आवाजात ओरडलं, "पाँच सौ एक रुपये प्राप्त हुए."

उपाध्यांनी कूससुद्धा बदलली नाही.