टाकी आधी किती भरली होती?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर होता. त्यातला सगळ्यात महागडा पदार्थ म्हणजे 'सी'. पान-दीड पान झटापट करून समीकरण सोडवायचं आणि शेवटी 'अधिक सी' लिहायचं. राहिला, की सर लाल पेन उचलायचे. "उत्तर बरोबर आहे, पण सी कुठंय? गेला अर्धा मार्क." नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली वेगळं झालं, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. विद्यापीठ नवीन होतं, मार्क कापण्याची परंपरा मात्र जुनीच चालत आली होती.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. एखादी गोष्ट किती आहे ते ठाऊक नसतं, पण ती कोणत्या वेगानं बदलते आहे ते ठाऊक असतं. त्यावरून ती किती आहे ते शोधायचं. पण सुरुवातीला ती किती होती ते कुणी सांगेपर्यंत उत्तरात एक अज्ञात आकडा लोंबकळत राहतो, तोच हा सी. न्यूटन म्हणून गेला, की चहा भोवतालच्या हवेपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो झपाट्यानं निवतो. इंग्लंडात निवत असेल. आमच्या गावी, पाथरीत, मे महिन्यात भोवतालची हवाच ४४ अंशांवर असते, तिथं चहानं निवायचं कुणाच्या भरवशावर? म्हणून आपल्याकडं बशी असते. बशीचं समीकरण पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात होत्या त्या रीती. समीकरण कोणत्या जातीचं ते ओळखायचं, मग त्या जातीचा विधी लावायचा. व्हेरिएबल सेपरेबल असेल तर एक्स इकडं, वाय तिकडं. लिनिअर असेल तर इंटिग्रेटिंग फॅक्टर. ओळखता आलं नाही, तर 'होमोजीनियस' लिहून देवावर हवाला. एक जात बर्नूलीची. याकोब बर्नूलीनं ते समीकरण १६९५ साली मांडलं आणि पुढच्याच वर्षी लायब्निझनं सोडवूनही दाखवलं. याकोबचा धाकटा भाऊ योहान हाही तितकाच हुशार, आणि दोघांचं हाडवैर. एक जण नियतकालिकात अवघड गणित छापायचा, दुसरा त्यातल्या चुका काढायचा. आपल्याकडं भाऊ-भाऊ बांधावरून कोर्टात जातात. या दोघांनी भाऊबंदकी गणितात केली आणि तिचे हप्ते आम्ही पाथरीत फेडत होतो.

पण माझा खरा घोळ झाला तो शाब्दिक उदाहरणांनी, आणि त्यातही मिठाच्या टाकीनं. टाकीत १०० लिटर पाणी, त्यात ५ किलो मीठ विरघळलेलं. वरून मिनिटाला ४ लिटर गोडं पाणी आत येतं, खालून मिनिटाला ४ लिटर खारं पाणी बाहेर जातं. तर अमुक मिनिटांनी टाकीत मीठ किती? हे उदाहरण मी घरी मोठ्यानं वाचलं. बाजेवर आजी कान देऊन होती.

"पानी सांडतंय कुठं?" तिनं विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"आन् तोटी बंद कराया काय झालं मेल्यायला?"

मी म्हणालो, तोटी बंद केली तर गणितच उरत नाही. ती म्हणाली, पाणी तरी उरंल. नळ दिवसाआड आला तरी गल्लीत साखर वाटावी अशी आमची परिस्थिती. रात्री दोनला नळाचा सूं सूं आवाज आला की अख्खी गल्ली मोटारी लावायला उठते. तिथं हे पुस्तक वरून गोडं पाणी ओतत होतं आणि खालून सोडून देत होतं! उत्तर काढल्यावर तर मलाच घाम फुटला. निम्मं मीठ जायला साधारण १७ मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ ७० लिटर चांगलं पाणी मातीत. त्यावर कडी म्हणजे मीठ कधीच पूर्ण संपत नाही. चौथाई होतं, अष्टमांश होतं, पण शून्य होत नाही. अनंतकाळ तोटी चालू. आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं पुस्तक कुणी लिहिलं ते विचारलं आणि त्याच्या घराण्याबद्दल जे बोलली ते इथं छापता येणार नाही.

पुढं टोरिचेल्लीचा नियम आला, तो मात्र आमच्या घरचाच निघाला. टाकीच्या बुडाशी भोक असेल, तर पाण्याची पातळी जितकी खाली येते तितका धारेचा जोर कमी होतो. सरळ उभी टाकी घ्या. वरची निम्मी टाकी एकूण वेळेच्या २९ टक्क्यांतच रिकामी होते, खालची निम्मी उरलेल्या ७१ टक्क्यांत. सकाळी पाणी भसाभस जातं आणि दुपारी तोटीला करंगळीएवढी धार लागते, यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो, वर्गमूळ असतं.

या दोन टाक्यांवरून सरांनी आम्हाला त्या पेपरातलं सगळ्यात देखणं प्रमेय शिकवलं. सुरुवातीची अट, म्हणजे आरंभी किती होतं ते, सांगितलं की समीकरणाला उत्तर असतं आणि ते एकच असतं. मात्र लिपशिट्झ नावाच्या गृहस्थाची एक अट पाळली गेली पाहिजे. मिठाची टाकी ती अट पाळते. आत्ता तिच्यात किती मीठ आहे ते सांगा, सकाळी किती होतं ते मी बिनचूक काढून देतो. गळकी टाकी रिकामी झाली, की तिथं ती अट मोडते. कोरडी टाकी बघून ती तासापूर्वी आटली की काल संध्याकाळी, हे जगातलं कुठलंही गणित सांगू शकत नाही.

आमची टाकी काकांच्यात आणि आमच्यात एकच होती. एकदा ती कोरडी पडली. काकू म्हणाल्या, सकाळी तर भरलेली होती. आई म्हणाली, रात्रीच संपली होती. दोघींनी निवाड्यासाठी माझ्याकडं पाहिलं. घरातला एकमेव गणितवाला मीच. मी उभा राहून लिपशिट्झची अट सांगितली आणि हे ठरवता येत नाही, असा निकाल दिला. काकूंना वाटलं मी आईची बाजू घेतली, आईला वाटलं काकूंची. त्या रात्री दोन्ही चुलींवर माझ्या वाटणीचं काही नव्हतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडं म्हणतात ते याच प्रमेयाच्या अनुभवातून आलं असावं. पण पाथरीला हे कोण सांगणार? इतिहासकार फेरिश्ता लिहितो, की अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. पणजोबांचं गाव आपल्याकडं असावं असं बुऱ्हाण निजामशहाला वाटलं. गाव होतं वऱ्हाडच्या इमादशाहीत. बदल्यात दुसरं घ्या म्हणून सांगून पाहिलं, ते ऐकेनात, तेव्हा १५१८ साली त्यानं पाथरी लढून घेतली. सुरुवातीच्या अटीसाठी एवढा खर्च आमच्या सरांनीही केला नसता.

आणि अलीकडचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. साईबाबा पाथरीच्या भुसारी घराण्यातले, ही इथली श्रद्धा. बाबांनी स्वतः जन्माचं गाव कधी सांगितलं नाही, असं शिर्डीचं म्हणणं. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी जाहीर करताना 'जन्मस्थान' म्हटलं, आणि १९ तारखेला शिर्डी बंद! मंदिर तेवढं उघडं होतं. शिर्डीवाले सी तसाच ठेवून खूश आहेत. आम्हाला सीची किंमत पाहिजे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये जियान-कार्लो रोटा नावाचे मोठे गणिती डिफरन्शियल इक्वेशन्सचा हाच कोर्स शिकवायचे. १९९७ साली त्यांनी एक भाषण दिलं. या विषयावर आपण पुस्तक लिहिलं ती तरुणपणातली चूक होती, असं त्यांनी त्यात सांगून टाकलं. रीतींचा पसारा आवरा, म्हणाले. इथवर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण उत्तर असतं का आणि एकच असतं का, तेही विसरा, असा सल्ला त्यांनी दिला. हा मला साफ नामंजूर आहे. बोस्टनला चालत असेल. आमच्या गावात या प्रश्नावर लढाई झाली आहे, बंद झाला आहे आणि मी उपाशी झोपलो आहे. बर्नूली काढा, ते प्रमेय ठेवा.

पाथरीला जरूर या. गावात रेल्वे नाही, मानवत रोडला उतरावं लागतं. रिक्षावाल्याला 'बाबांचं जन्मस्थान' एवढंच म्हणा. 'कथित' म्हणालात तर सुरुवातीची अट बदलते आणि भाड्याचं उत्तरही वेगळं येतं.