लायसन्सचा चुगलखोर नंबर

ब्रिटनमध्ये एखाद्या बाईचं वय तिला विचारावं लागत नाही. तिच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर सांगतो.

एकूण १६ अक्षरं-आकडे. आधी आडनावाची पहिली पाच इंग्रजी अक्षरं. 'राव'सारखं आखूड आडनाव असेल तर उरलेल्या जागी ९. मग जन्मतारीख, जरा फिरवून. दशकाचा आकडा पुढे, वर्षाचा शेवटचा आकडा मागे, मध्ये महिना आणि दिवस. २३ ऑगस्ट १९८५ ला जन्मलेल्या पुरुषाचे आकडे ८०८२३५. त्याच दिवशी जन्मलेल्या बाईचे?

८५८२३५.

महिन्याच्या पहिल्या आकड्यात पाच मिळवले, झाली बाई! झेरॉक्स देताना जन्मतारखेवर खुशाल काळी पट्टी मारा. नंबर उघडा राहिला, तर पट्टीचा उपयोग काय?

लग्नानंतर आडनाव बदललं की नंबर बदलतो. नोंदीतलं लिंग बदललं की तो पाच येतो किंवा जातो. जुना आणि नवा नंबर शेजारी ठेवले, की त्या माणसाने कुणालाही न सांगितलेली गोष्ट टेबलापलीकडच्या कारकुनाला कळते. ती कुणाला सांगायची हे त्या माणसाने ठरवायचं, नंबराने नव्हे.

अमेरिकेत इलिनॉय राज्याची तऱ्हा वेगळी. तिथे आडनावाच्या उच्चाराचा कोड. स्वर गळतात, जवळचे उच्चार एका आकड्यात बसतात. म्हणून शिकागोतले जोशी आणि जोग, दोघेही 'जे२००'. शिवाय जन्मदिवसाच्या आकड्यात बायकांसाठी ६०० जास्त. गाडी चालवायला हा हिशेब कशाला हवा?

आपला नंबर यापेक्षा कितीतरी सभ्य. एमएच १२ म्हणजे पुण्याचं आरटीओ, मग लायसन्स दिल्याचं साल, मग अनुक्रमांक. ना जन्म, ना लिंग. नंबर असाच असावा.

पण कार्ड नीट वाचा.

'मुलगा/मुलगी/पत्नी' असा रकाना आहे. पत्नी आहे, पती नाही! बाईने शिकाऊ परवाना काढला, आरटीओच्या मैदानात आठ काढून दाखवला, फी भरली. तरी ती कुणाची कोण, हे कार्डावर हवंच.

सिग्नलला पोलीस लायसन्स मागतो तेव्हा त्याला फोटो, मुदत आणि वाहनाचा प्रकार बघायचा असतो. यात बाईच्या नवऱ्याचा संबंध येतोच कुठे?