सात गुणांची कला

बोधचित्रण म्हणजे मजकुराचा आशय दृश्यरूपाने उलगडणारी चित्रकला, आणि विद्यापीठीय शिक्षणात ती बहुधा उपयोजित कला, म्हणजे जाहिरात व मुद्रणासाठी योजिलेली कला, या चार वर्षांच्या पदवीच्या एका कोपऱ्यात बसवलेली असते. यवतसारख्या गावात तिचा पाया एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घालतात. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ वाढीव गुण मिळतात हे कळताच पालकांची सौंदर्यदृष्टी विलक्षण तीक्ष्ण होते, आणि गुणपत्रिका हाती पडताच रंगपेटी माळ्यावर जाते. त्यानंतरही जो चित्रच शिकायचे म्हणतो, त्याचे नाव घरात हळू आवाजात घेतले जाते.

यात पालकांनाच दोष देणे अन्यायाचे होईल, कारण १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदवी देण्याचा, दर्जा २०२३ साली मिळाला; शासनानेच १६६ वर्षे विचार केला असेल, तर यवतच्या बापाने दोन-चार वर्षे मागितली तर त्याला दिरंगाई म्हणवत नाही. यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वर मंदिरात स्त्रीरूपी गणेश कोरलेला आहे आणि भिंतींवर महाकाव्यांतील प्रसंगही आहेत, म्हणजे व्याख्येप्रमाणे ते दगडातले बोधचित्रणच. मात्र ते पाहायला नेलेल्या मुलाला तिथे चित्रवही उघडू दिली जात नाही, कारण सहलीचा वेळ छायाचित्रांसाठी राखीव असतो. खाली महामार्गालगत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेरा मुंडकी बसवणाऱ्या संगणकचालकाला मात्र कोणी विचारत नाही की, याचे पुढे काय होणार.