‘लागणे’ या क्रियापदाचा सागरी उपयोग

मराठीतील ‘लागणे’ या क्रियापदावर कामाचा जितका बोजा आहे तितका एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेवरही कधी पडला नसेल, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून (दुसरी आवृत्ती १८५७) दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत ज्यांनी ज्यांनी त्याचे अर्थ गोळा करायला घेतले, त्या सर्वांना त्यापायी बरीच शाई खर्चावी लागली, म्हणजे हेच क्रियापद पुन्हा राबवावे लागले. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, निकाल लागतो. गणित सुटायला वेळ लागतो आणि ते सुटलेच नाही तर शिकवणी लागते. समुद्रावर या क्रियापदाचे दोन प्रयोग रूढ आहेत: बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसाला लागते. पहिल्या प्रयोगात प्रवास संपतो. दुसऱ्यात तो काही केल्या संपत नाही.

दुसऱ्या प्रयोगाचे व्याकरण फार दयाळू आहे. ज्याच्या पोटात ढवळते तो या वाक्याचा कर्ता नसतोच. कर्तेपण बोटीकडे जाते आणि रुग्ण ‘ला’ हा विभक्तिप्रत्यय, म्हणजे नामाचे क्रियेशी नाते सांगणारे शेपूट, पांघरून वाक्याच्या कोपऱ्यात बसून राहतो. जलवाहनाचे नाव असलेली ‘ती बोट’ आणि हाताचे ‘ते बोट’ यांचा घोटाळा होऊ नये याची काळजी लिंगव्यवस्थेने घेतली आहे, त्यामुळे ‘बोट लागली’ असे ऐकल्यावर कोणी आयोडीन आणायला धावत नाही. हेच क्रियापद नात्याच्या चौकशीलाही चालते. ‘ही तुमची कोण लागते?’ या प्रश्नात विचारणाऱ्याच्या मनात धक्का किंवा ठेच यांपैकी काहीच नसते, तरी उत्तर देणारा क्षणभर अडखळतो. येथे विषयांतर थांबवणे शास्त्राला धरून झाले असते, परंतु ‘डोळा’ या नामाला वगळून पुढे जाणे शक्य नाही, कारण डोळा लागणे म्हणजे झोप येणे आणि डोळे लागणे म्हणजे कोणाची तरी वाट पाहणे. एकवचनात माणूस झोपतो, अनेकवचनात तोच जागा राहतो, आणि एवढा मोठा फरक एका मात्रेवर सोपवून मराठी भाषा निर्धास्त बसलेली आहे.

प्रस्तुत लेखक मूळचा विजयदुर्गाकडचा असून, ‘कोकणी माणसाला बोट लागत नाही’ हा सिद्धान्त त्याने ठाण्यातील दिवाणखान्यात बसून सतत २५ वर्षे मांडला. या काळात त्याचा समुद्राशी आलेला संबंध मुख्यतः बाजारातल्या सुरमईपुरता होता. सिद्धान्ताला पुरावा एकच, तो म्हणजे आजोबा. ते लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटीने वर्षानुवर्षे ये-जा करूनही त्यांना एकदाही बोट लागली नाही, अशी घराण्यात पिढीजात नोंद होती. लेखकाची पत्नी अकोल्याची. ज्या गावी पाण्याचा सर्वांत मोठा अनुभव मोर्णेचा पूर असतो, त्या गावच्या मुलीला समुद्राविषयी काही समजावून सांगावे लागते असे लेखकाचे मत होते, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलीने मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे हाती ठेवली तेव्हा ते समजावणे वेगाने सुरू झाले. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, ही माहिती पत्नीला भाजी निवडताना, भांडी लावताना आणि एकदा दाराआडून, ती न्हाणीघरात असतानाही देण्यात आली.

खोली निवडताना लेखकाने बिनखिडकीची, आतल्या बाजूची खोली पसंत केली. ती स्वस्त होती हे खरे कारण न सांगता, अंगात समुद्र भिनलेल्या माणसाला तो खिडकीतून पाहण्याची गरज नसते असे कारण त्याने दिले. शरीरशास्त्राला हे कारण मान्य नाही. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांतील द्रव हलला की डोके कोणत्या दिशेने फिरते आहे ते मेंदूला कळते. बंद खोलीतले डोळे मात्र भिंत, पलंग आणि दिवा आपापल्या जागी स्थिर असल्याचा निर्वाळा देतात, आणि एकाच वेळी दोन विश्वासू साक्षीदारांनी परस्परविरुद्ध जबान्या दिल्यामुळे गोंधळलेला मेंदू अखेर पोटाला शिक्षा सुनावतो. अशा वेळी क्षितिजाकडे पाहत बसावे असे जे सांगतात ते यासाठीच. लेखकाने क्षितिज दोघांमागे काही हजार रुपये वाचवून आधीच वजा केले होते.

बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटण्यापूर्वी प्रवाशांची कवायत घेतात; तिच्यात सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की जीवरक्षक जॅकेट घेऊन कोठे जमायचे हे शिकवतात. या कवायतीत लेखक मागे उभा राहून मंद हसत होता. नंतर वरच्या डेकवर त्याने कुलाब्यापलीकडचा प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ दाखवला, १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी कशी ताब्यात घेतली ते सांगितले आणि शेजारच्या खुर्चीवरील सुरतेच्या एका वृद्ध गृहस्थांना, काही त्रास झाल्यास निःसंकोच हाक मारण्यास सुचवले. समुद्र त्या रात्री शांत होता. हे वाक्य लिहिणे सोपे नाही, पण जहाजावरच्या सूचनाफलकावर तसेच लिहिले होते, आणि पत्नीने त्या फलकाचा फोटो काढून ठेवलेला आहे.

खांदेरी मागे पडल्यावर तासाभरात, मधुर चवीच्या पनीरसमोर बसला असताना, लेखकाला बोट लागली. संपूर्ण भोजनगृहात ती दुसऱ्या कोणाला लागल्याचे दिसले नाही. सुरतेचे गृहस्थ दुसऱ्यांदा जिलेबी घेत होते.

धर्मसूत्रांत, म्हणजे आचाराचे नियम थोडक्यात सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, बौधायनाने समुद्रसंयान किंवा समुद्रप्रवास हे पतनीय, म्हणजे माणसाला जातीबाहेर ढकलणारे पातक मानले आहे. त्याने सांगितलेले प्रायश्चित्त असे: दर चौथ्या भोजनवेळी थोडे खावे, दिवसातून तीनदा स्नान करावे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढावी, आणि हे तीन वर्षे करावे. विद्वानांनी या नियमाची सामाजिक कारणे पुष्कळ शोधली आहेत, पण सूत्रकार स्वतः एकदा होडीत बसला असावा ही शक्यता कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. लेखकाने तीन वर्षांचे प्रायश्चित्त एका रात्रीत उरकले. स्नाने तीन झाली, तीही ऐच्छिक नव्हेत. सगळी रात्र पलंगाच्या कडेवर बसून गेली आणि चौथ्या भोजनवेळी दोन कोरडी बिस्किटे पोटात राहिली. डार्विनला १८३१ ते १८३६ या ‘बीगल’वरील सफरीत सतत बोट लागत असे आणि तो मनुके खाऊन दिवस काढी, तसेच नेल्सनसारख्या नौसेनापतीलाही हा त्रास होता, ही माहिती लेखकाने मध्यरात्रीच्या सुमारास, मान वर न करता, पत्नीला दिली. तिने त्यावर एवढेच म्हटले, “अहो, तुमच्या रक्तातला समुद्र भरतीले आला वाटते.” २५ वर्षे ठाण्यात काढूनही काळजी आणि हसू एकदम आले की तिची भाषा अकोल्याला परत जाते.

त्या खोलीत एक हत्ती होता. क्रूझवरचे कर्मचारी पलंगावर टॉवेलांच्या घड्यांचे प्राणी करून ठेवतात, आणि या हत्तीवर पत्नीचा इतका जीव जडला होता की तिने त्याला आपला गॉगल घातला होता. पहाटे दोनच्या सुमारास कोरडे टॉवेल संपले. तिने गॉगल काढून ठेवला, हत्तीची सोंड सोडवली, मग कान, मग पाय, आणि अर्धा हत्ती ओला करून लेखकाच्या कपाळावर ठेवला. तिच्या पर्समधून आलेपाकाची पुडी निघाली. ती ठाण्याहूनच घेतलेली होती, आणि कोणासाठी घेतली हे विचारण्याच्या परिस्थितीत लेखक नव्हता. वर डेकवर गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. त्यासाठी तिने जांभळी पैठणी मुद्दाम आणली होती आणि ती घडी न मोडता ठाण्याला परत गेली. पहाटे केव्हातरी लेखकाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा जहाज मुरगावला लागलेले होते आणि ती खुर्चीवर ताठ बसून त्याच्याकडे पाहत होती.

परत आल्यावर सुरू झालेला भाग अधिक लाजिरवाणा आहे, आणि व्याकरणाची दयाळू व्यवस्था तेथेच कामी आली. सोसायटीतल्या पहिल्या कथनात ‘आम्हाला जरा बोट लागली’ असे अनेकवचन आले. दुसऱ्या महिन्यात, भिशीच्या मंडळींसमोर, ‘आम्हाला’च्या जागी ‘हिला’ आले. प्रत्यय तोच राहिला, त्याच्या आधीचे माणूस तेवढे बदलले, आणि वाक्य पूर्वीपेक्षाही सहज वाटू लागले. दिवाळीपर्यंत कथेत लेखक हत्ती सोडवत होता आणि पत्नीच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवत होता. पत्नी हे सर्व चहाचे कप भरत ऐकत असे. सूचनाफलकाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, तरी तिने तो कधी कोणाला दाखवला नाही.

तिच्या या गप्प राहण्याचा लेखकाला पुढे राग येऊ लागला. तिने एकदा चारचौघांत खोडून काढले असते तर हिशेब मिटला असता. या रागाच्या भरातच त्याला आजोबांचे प्रकरण नव्याने तपासावे लागले. कोकणबोटी पावसाळ्यात बंद असत, त्यामुळे आजोबा शिमग्याला किंवा मे महिन्यात येत. बोट विजयदुर्गाला बंदरात दूर उभी राही आणि पडावातून, म्हणजे माणसे किनाऱ्यावर पोचवणाऱ्या होडीतून, ते धक्क्यावर उतरत. आजी धक्क्यावर उभी असे. ती स्वतः त्या बोटीत कधीच चढली नाही. ज्या समुद्राने नवऱ्याला पगारापर्यंत पोचवले त्यानेच तो वर्षातले ११ महिने दूर ठेवला, आणि जोडीने जलप्रवास करण्याची कल्पना त्या घरात कोणाला सुचलीही नसती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६०० हून अधिक माणसे गेली, तेव्हापासून आजोबांची बोट यायची वेळ टळली की आजी जेवत नसे, एवढे लेखकाच्या वडिलांना आठवत होते. म्हणजे बोटीवर आजोबांना काय झाले याला आजोबांखेरीज साक्षीदार नव्हता. आणि वडिलांनी सांगितलेला आणखी एक तपशील असा की आजोबा मुंबईला निघाले की आजी त्यांच्या कोटाच्या खिशात सुंठ आणि आमसुलांची पुरचुंडी न चुकता घाली, ‘खोकल्यासाठी’. त्यांना खोकला होता असे मात्र कोणीच कधी सांगितलेले नाही.

याविषयी पत्नीशी एकदा बोलावे, असे ठरवून लेखक गेल्या रविवारी स्वयंपाकघराकडे निघाला. ती अकोल्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. त्या बहिणीपासून तिने आजवर काही लपवलेले नाही, लेखकाच्या पगारापासून घोरण्यापर्यंत. दाराशीच त्याचे पाऊल थबकले, कारण आत विषय क्रूझचाच होता.

“मले लागली ना बाप्पा बोट, रातभर,” ती हसत सांगत होती. “यायले? यायले काहीच नाही झालं. कोकणातले ना ते.”