पट्टा बसेपर्यंत

जुन्या जालन्यात गाडीचं बोनेट उघडणं हा खासगी व्यवहार राहत नाही. गांधी चमनच्या आसपास कुठंही उघडून बघा. पाच मिनिटांत चार डोकी आत वाकतात आणि पाचवं मागून विचारतं, "काय झालं हो?" हे पाचवं सगळ्यांत धोक्याचं. त्याला आतलं काहीच दिसत नसतं, म्हणून त्याचं निदान सगळ्यांच्या आधी तयार असतं.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या, तेव्हा टीव्हीवर निरोपाच्या बातम्या लागल्या होत्या. आई हळहळली, "अरेरे, म्हणजे आपली पण गेली का रे?" तिला खिडकीतून गाडी दाखवावी लागली.

दुसऱ्या गावात जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक हौशी म्हणतात. जालन्यात पंचाईत अशी, की इथल्या एमआयडीसीत भट्ट्या भंगार वितळवतात आणि सळया पाडतात. त्यामुळे इथल्या माणसाच्या नजरेतच वजनकाटा. आमच्या गल्लीत भट्टीवर नोकरीला असलेले एक भाऊ आहेत. ते गाडीवरून प्रेमानं हात फिरवतात, डिकीवर दोनदा थाप मारतात आणि विचारतात, "नऊशे किलो भरेल ना हो?" मी रंगाचं कौतुक ऐकायला उभा असतो.

या उन्हाळ्यात तक्रार आवाजाची होती. सकाळी गाडी सुरू केली की बोनेटखालून एक लांबलचक 'चींऽऽ' निघे. मोती तलावाकडं फिरायला निघालेली मंडळी कडेला होत. रात्री दिवे लावले की आवाज आणखी चढे. कारण साधं आहे. सुरू होताना बॅटरीचा जीव गेलेला असतो, तो भरून काढायला डायनामोवर भार येतो, डायनामो फिरायला जड होतो आणि सैल पट्टा त्याच्या पुलीवर नुसताच घसरतो. या गाडीला पट्टा एकच, पण त्याच्याकडं खाती तीन: पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो. तो तुटला की आधी लाल दिवा लागतो आणि मग इंजिन तापू लागतं. मे महिन्यात, पारा बेचाळिसाच्या पुढं असताना, त्याला फार वेळही लागत नाही.

आता पट्टा म्हटलं की जालन्याला सांगायची सोय नाही. गिरण्या, जिनिंग, बियाण्यांचे कारखाने... या गावात निम्म्या लोकांचं पोट कुठल्या ना कुठल्या पट्ट्यावर फिरतं. कोपऱ्यावरचे गिरणीवाले काका पिठाचे हात झटकत आले आणि म्हणाले, "राळ लावा, राळ. आमचा पट्टा घसरला की चिमूटभर राळ टाकतो, गप फिरतो." एकानं साबण सुचवला. साबणानं आवाज दोन दिवस बंद होतो, घसरणं चालूच राहतं. आपल्याकडच्या बऱ्याच चौकशी समित्या याच तत्त्वावर चालतात. तिसऱ्यानं घरून वडिलांची पान्यांची पेटी आणली. पेटी देखणी होती, पण अँबेसेडरच्या काळातली. अँबेसेडर मूळची इंग्लंडच्या मॉरिसची, म्हणून तिचे पाने इंची. पद्मिनी मूळची इटलीच्या फियाटची, म्हणून तिचे मिलिमीटरचे. पेटीतला एकही पाना एकाही नटाला बसला नाही, तरी पेटी शेवटपर्यंत उघडीच ठेवण्यात आली. देणाऱ्याचा मान असतो.

निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले शेजारचे सर खिशात पोलादी पट्टी घेऊनच आले. "अहो, हा पट्टा तळानं धरतच नाही मुळी. बाजूंनी धरतो. खाच निमुळती आहे ना, ओढ बसली की पट्टा पाचरीसारखा तिच्यात अडकतो. बाजू झिजल्या की तो खाली बसणार, तळाला टेकणार आणि घसरणार." हे त्यांनी फळा असल्यासारखं बोनेटच्या आतल्या बाजूला बोटानं काढून दाखवलं. तिथली धूळ यासाठी पुरेशी होती.

एवढ्यात उस्ताद आले. उस्ताद कुणाशी वाद घालत नाहीत, त्यामुळे त्यांचंच खरं होतं. त्यांनी डायनामोचे खालचे दोन बोल्ट आणि वरच्या खाचेच्या पट्टीतला एक असे ढिले केले, डायनामो इंजिनाकडं ढकलला आणि जुना पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवत बाहेर काढला. उलटा वाकवून माझ्यापुढं धरला. आतल्या बाजूला आडव्या भेगा, मे महिन्यातल्या काळ्या रानाला पडतात तशा. आणि दोन्ही कडा घासून चकचकीत झालेल्या. "देखो साब, कितने दिन का मेहमान था."

नव्यासाठी नव्या जालन्यात जावं लागलं. कुंडलिकेच्या पुलापलीकडं स्पेअर पार्टच्या दुकानात "पद्मिनीचा फॅन बेल्ट" म्हटल्यावर मालकानं आतून आपल्या वडिलांना बोलावलं. वडिलांनी जुना पट्टा हातात घेऊन लांबी बोटांनी चाचपली, पोटमाळ्यावरून एक गुंडाळी काढली, फुंकर मारली आणि भाव सांगण्याआधी गाडीची खुशाली विचारली. मी येईपर्यंत काकांनी गिरणीतला जुना पट्टा आणून ठेवलेला. त्यांना पट्ट्यांची भाषा तोंडपाठ. ए म्हणजे 13 मिलिमीटर रुंद, बी म्हणजे 17, पुढचा आकडा इंचांतली लांबी. "थोडा रुंद आहे, पण चालून जाईल," असं ते म्हणाले. उस्तादांनी तो पाहिला आणि अदबीनं परत केला. "चाचा, ये चक्की का है. इसमें ज्वारी पीसनी है क्या?"

खरा तंटा पेटला तो पट्टा चढल्यावर, ताणावरून. उस्तादांनी हातोडीचा लाकडी दांडा डायनामो आणि इंजिनाच्या मधे घालून डायनामो बाहेर दाबला, पट्टीतला बोल्ट आधी आवळला आणि अंगठ्यानं पट्टा मधोमध दाबला. "बस." भट्टीवाले भाऊ म्हणाले, "अजून कसा, अजून कसा. ढिला आहे." आपल्याकडं घट्ट म्हणजे पक्कं, ही समजूत डब्याच्या झाकणापासून खाटेच्या नटापर्यंत सगळीकडं आहे, आणि माझ्या मते निम्म्या महाराष्ट्राचे आटे तिनंच गेलेत. पट्टा तारेसारखा ताणला की तो बिचारा काहीच बोलत नाही. मरतं ते पाण्याच्या पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग, तेही काही महिन्यांनी, म्हणजे ताणणाऱ्यावर आळ यायला नको इतक्या उशिरा. सरांनी पट्टी लावली, उस्तादांना पुन्हा दाबायला लावलं आणि जाहीर केलं, "13 मिलिमीटर. अर्धा इंच. अगदी पुस्तकाप्रमाणे." उस्तादांनी आधी पट्टीकडं आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. पुस्तक बरोबर निघाल्याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

गाडी सुरू केली. आवाज नाही. गर्दीचा थोडा विरसच झाला.

निघताना उस्ताद म्हणाले, "नया पट्टा है, खिंचेगा. दो-तीन सौ किलोमीटर चला के लाना, फिर एक बार कसेंगे." इथं अडचण आली. आमची गाडी जुन्या जालन्यातून निघते, पूल ओलांडते, भाजी घेते आणि परत येते. या हिशेबानं पट्टा बसायला दिवाळी उजाडली असती. मग पहिल्या चतुर्थीला आईला राजूरच्या गणपतीला नेलं. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी ते एक मानतात, म्हणून आई बरीच वर्षं मागं लागली होती. पुढच्या मंगळवारी अंबडची मत्स्योदरी. टेकडीचा आकार माशासारखा, हे आईनं गाडीतून तीनदा दाखवलं आणि तिन्ही वेळा मी तापमानाचा काटा बघत होतो. मग समर्थांचं जन्मगाव जांब. लेकाला या वयात एकाएकी देवाधर्माची ओढ लागली म्हणून आईनं मावशीला फोन करून सांगितलं. मावशी म्हणाली, बरोबर आहे, आता वयच झालं त्याचं.

उस्तादांकडं गाडी नेली तेव्हा आई सोबतच होती. त्यांनी अंगठा दाबला, पट्टा खरंच थोडा सैल आला होता, दांडा घातला, पुन्हा अर्धा इंच. पाच मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. "अब भूल जाओ साब, सालभर देखना नहीं."

आई मागच्या सीटवरून पुढं वाकली.

"उस्ताद, हिला दुसरा पट्टा नाही का हो कुठं? माहूर राहिलंय आमचं."