फ्री-फ्लो

गाडीच्या स्प्रिंगा कापून आणल्या त्या दिवशी बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे पैसे देऊन स्प्रिंग कमी करून आणलीत?" मी समजावलं, गाडी जमिनीला जितकी लगटून, तितकी वळणावर चिकटून. "वांगणीत असं वळण कुठाय?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे वळण नाही, पण गतिरोधक भेटले. प्रत्येकाला गाडीचं पोट घासून नमस्कार घडला.

गाडी फियाट पालिओ १.६. आमच्या पिढीला तिची ओळख सचिनने जाहिरातीतून करून दिली. शंभर अश्वशक्ती! २००२ साली कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली. माझ्या दारी आली तोवर आधीच्या दोन मालकांनी निम्मे घोडे पळवून दमवले होते. लिटरला नऊ किलोमीटर देते म्हणून कुणालाच नको होती, म्हणून मला परवडली. याच फियाटने २०१५ साली रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो काढली, किंमत दहा लाखांच्या आसपास. माझं बजेट वीस हजार. उरलेले नऊ लाख ऐंशी हजार मी आत्मविश्वासाने भरून काढणार होतो.

एअर फिल्टर झाला, मागे स्पॉयलर झाला. मग बकेट सीट. आणि सीटचं नाव निघालं की उल्हासनगरबद्दल बोलावंच लागतं. युद्धकाळातला कल्याणजवळचा लष्करी तळ. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. कॅम्प एक ते पाच हे पत्ते अजून तसेच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही शाळेत खिदळत सांगायचो. खिदळणाऱ्यांच्या अंगावर जीन्स तिथलीच असायची. तर मी तिथल्या एका सोफेवाल्याला मोबाइलवर रेसिंग सीटचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, लहान केला आणि विचारलं, "रेक्झिन की कापड? बटणं मारू?" 'होणार नाही' हे शब्द त्याच्या दुकानात नव्हतेच. घरदार, गाव, जमीन सगळं सोडून आलेल्यांच्या नातवंडांकडे ते नसावेत यात नवल नाही. त्यांची चेष्टा करणाऱ्या आमच्याकडे मात्र तेच शब्द घाऊक भावात पडून असतात. चौथ्या दिवशी सीट तयार. मांडीला घट्ट, पाठीला भक्कम. फक्त तिच्यावर बसलं की शर्यत आठवत नाही, कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवतो.

शेवटी मुकुटमणी, फ्री-फ्लो सायलेन्सर. धुराची वाट मोकळी केली की इंजिनाला श्वास सोडायला जागा मिळते. ताकद दोन-चार घोड्यांनी वाढते, आवाज चाळीस घोड्यांनी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल, दोन्ही मला पाठ होते: कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको. पाठांतर मला शाळेपासून उत्तम जमतं, आचरणाचे मार्क कधीच नव्हते.

एवढं करून गाडीकडे कुणी वळून पाहीना. पहिली दाद मिळाली ती गल्लीतल्या एका काकांकडून, आणि काकांना दिसत नाही. वांगणीत अंधांची बरीच घरं आहेत. जागा त्यातल्या त्यात स्वस्त, आणि लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून अनेकांचं पोट चालतं. काका काठी टेकवून थांबले. "पालिओ ना? पुढचं उजवं बेअरिंग गेलंय." मेकॅनिकला दोन महिन्यांत न कळलेलं निदान! मी फुशारून विचारलं, "आणि सायलेन्सर कसा वाटतो, काका?"

ते जरा घुटमळले. "तुम्ही आलात की बाकीचं सगळं पुसलं जातं. रिक्षा कुठून येतेय, सायकल कुठून, काही कळत नाही. मग मी आहे तिथे उभा राहतो. तुम्ही लांब जाईपर्यंत." वर म्हणाले, "त्रास नाही हो काही."

१७ एप्रिल २०२१ला आमच्याच स्टेशनात अंध आईचं पोर फलाटावरून रुळांवर पडलं आणि समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेने धावत गेले, पोराला वर ढकललं आणि जेमतेम स्वतः वर चढले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यांना जावा मोटारसायकल भेट मिळाली. बक्षिसाची निम्मी रक्कम त्या मायलेकरांना देईन, असं ते म्हणाले. काकांचं बोलणं ऐकल्यापासून मला त्या व्हिडिओतली आईच आठवते. पोर कुठे आहे, गाडी किती जवळ आली, हे सगळं तिला केवळ कानांनी शोधायचं होतं. आणि मी हौसेने पैसे मोजून लोकांचे कान बुजवणारं नळकांडं बसवलं होतं.

कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात सापडला. बसवून अकराशे रुपये. फ्री-फ्लो भंगारवाल्याने वजनावर घेतला, दोनशे दहाला. बेअरिंगही बदललं. मग काकांना शेजारी बसवून नेरळपर्यंत चक्कर मारली. परतताना ते म्हणाले, "सीट झकास आहे. आता डावं बेअरिंग बघा."