तात्यांची बिघाडवही

ऑर्डनन्स फॅक्टरीतला फिटर निवृत्त होतो तेव्हा त्याचा फक्त पगार निवृत्त होतो, कान कामावरच राहतात. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या इमारतीतले तात्या जिना चढता चढता मध्येच थांबतात आणि कुणाच्या तरी बंद दाराकडे बघून म्हणतात, "यांच्या मिक्सरचं बुश गेलंय." आठवड्याभरात मिक्सर जळतो. त्यामुळे तात्या जिन्यात दिसले की बायका मिक्सर बंद करतात.

१ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त करून ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले. मी त्यांना विचारलं, "तात्या, आता कसं?" "बोर्ड गेला. मशीन जागच्या जागी आहे ना?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा माझ्या टेबलफॅनमध्ये डोकं घातलं.

अशा माणसाच्या घरी बारावीतल्या नातवाने लॅमिंग्टन रोडवरून दोन सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं आणली. अगदी जुळी. कॅबिनेटात एकाखाली एक बसवली, दोघांना जोडणारी पट्टी लावली. नातवाचा हिशेब सोपा होता. एका कार्डावर गेम चालतो, तर दोनांवर पळेल. गेम पळालाच. ऐन मारामारीत पडदा काळा करून पळायला लागला.

नातवाने उपाय केले ते सगळे एकदम. एका रात्रीत विंडोज नवी टाकली, ड्रायव्हर बदलला, रॅम इकडची तिकडे केली, प्रोसेसरला पेस्ट लावली. सकाळी पडदा पुन्हा काळा.

"आजोबा, सगळं करून बघितलं हो."

"म्हणूनच काही कळलं नाही तुला. एका वेळी एक नट!" असं म्हणून तात्यांनी कपाटातून वही काढली.

ही बिघाडवही. रकाने पट्टीने आखलेले, शाई निळी, शेरा लाल. घरातल्या प्रत्येक यंत्राचं तीत पान आहे. काकूंच्या गुडघ्याचंही आहे: 'डावा. आवाज येतो. तेल चालू.' आता संगणकाचं पान उघडलं. तारीख, वेळ, गेम, आणि शेवटी तात्यांचा खास रकाना, 'त्या वेळी इमारतीत काय चालू होतं'.

मग रोज संध्याकाळी नातू खेळणार आणि तात्या मागे स्टुलावर. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला, मूठ कानाला. बेअरिंग ऐकायची ही फिटरची जुनी रीत. पडद्यावर शहरं पडत होती, माणसं मरत होती, आणि तात्या डोळे मिटून म्हणत होते, "वरचा पंखा धापा टाकतोय. खालच्या कार्डाची गरम हवा खातो तो." नातवाने तापमान बघितलं. वरचं कार्ड खालच्यापेक्षा १४ अंशांनी जास्त तापलेलं!

त्या दिवसापासून नातू आजोबांना जरा मान देऊन बोलू लागला. दोन कार्डं एकत्र चालवायची ही युक्ती एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय नावाने आणली, पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणलं, हे त्याने सांगितलं. एक चित्र हे कार्ड काढतं, पुढचं ते, असं आळीपाळीने.

"म्हणजे बैलजोडी नव्हे. एक ओढतो तेव्हा दुसरा पुढच्या पावलाची तयारी करतो. आणि मेमरी? ४ अधिक ४, ८?"

"नाही आजोबा. दोन्हीत तेच भरावं लागतं. ४ च."

"दोन डबे, भाजी एकच," तात्यांनी नोंद केली.

पण २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेमसाठी ही जोडणी जुळवून देणं थांबवलं, हेही नातवाला सांगावं लागलं. तात्यांनी चष्मा काढला. "सुटे भाग बंद झालेलं मशीन घेतलंस तू?" नातू पुटपुटला, ड्रायव्हर अपडेट केला की होईल. "पूर्वेचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. उभं आहे. कुणी अपडेट टाकला होता त्यात?"

या वाक्याला तर्क म्हणून काही किंमत नाही, पण तात्यांसमोर हे बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही.

अकराव्या दिवशी वही बोलली. मरणं दोन प्रकारची होती. नव्या गेममध्ये नुसता गेम बंद व्हायचा, विंडोज जिवंत. ड्रायव्हरने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला उठवून पुन्हा बसवते. ("२ सेकंद? आमचा सुपरवायझरसुद्धा चहा संपेपर्यंत थांबायचा.") दुसऱ्या प्रकारात अख्खा संगणक फटकन विझायचा, आणि तो दर वेळी संध्याकाळी साडेसातच्या आसपास. खास रकान्यात तिथे प्रत्येक वेळी एकच शब्द होता: पंप.

तात्या टेबलाखाली शिरले. यूपीएसच्या पाठीवरचं स्टिकर बॅटरीच्या उजेडात वाचलं. ६०० व्हीए, ३६० वॅट. कार्डं १४५ वॅटची, दोन मिळून २९०. बाकीचं सामान आणि मॉनिटर धरून १२० तरी. एकूण ४१०. दिवसा भिंतीतली वीज यूपीएसमधून सरळ आत जाते, म्हणून तो कण्हत का होईना निभावतो. पंप सुरू झाला की व्होल्टेज खाली बसतं, यूपीएस भार बॅटरीवर घेतो, आणि ३६० च्या पाठीवर ४१० बसले की त्याने मान टाकलीच.

"सकाळच्या कर्जत लोकलसारखं," काकू म्हणाल्या. त्या एवढा वेळ भाजी निवडत होत्या.

नातवाने खालचं कार्ड काढलं. फक्त तेवढंच, दुसरा नट नाही. साडेसातला पंप लागला, दिवे किंचित मंद झाले, पडद्यावरचा माणूस पळत राहिला. नवा गेमही दोन तास चालला. तात्यांनी मूठ कानाला लावून समाधानाने मान हलवली आणि काढलेलं कार्ड जुन्या लोकसत्तेत गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवलं.

नातू अर्थात लगेच म्हणाला, "आजोबा, १००० चा यूपीएस घेतला तर दोन्ही—"

"लेखी दे."

पंपाचं पान दुसऱ्याच दिवशी उघडलं गेलं. सोसायटीचे सेक्रेटरी हल्ली मागच्या गेटने येतात. संगणकाच्या पानावर मात्र तात्यांनी लाल शाईने शेवटचा शेरा मारला आणि खाली सही केली: 'बिघाड दूर. यंत्र चालू स्थितीत. ऑपरेटर बारावीत असल्याने मार्चअखेर बंद.'